अदृश्य वर्ण आणि एन्कोडिंगचे घोळ: वेबप्रणालीत ते कसे शोधावेत, ओळखावेत आणि दुरुस्त करावेत

वेब सॉफ्टवेअरमधील काही दोष असे असतात की पडद्यावर सारे काही बरोबर दिसते आणि तरीही प्रणाली चालत नाही. दोन मजकूर अगदी सारखे दिसतात, पण त्यांची तुलना केली की ते असमान ठरतात; वापरकर्त्याचे नाव यादीत दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही; कालपर्यंत चालणारी जेसन फाइल (प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याची मजकूरफाइल) एकही अक्षर न बदलता आज पहिल्याच स्थानी अडखळते. अशा वेळी कोड पुन्हा पुन्हा वाचून उपयोग होत नाही, कारण दोष जिथे आहे तिथे वाचण्यासारखे काही दिसतच नाही. या लेखातील पद्धत एका आग्रहावर उभी आहे: दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मजकुराचे बाइट (अक्षरे ज्या अंकांच्या रूपात साठवली जातात ते; अक्षरांचे असे अंक करण्याच्या रीतीला एन्कोडिंग म्हणतात) पाहावेत, आणि मजकूर खरोखर बिघडलेला आहे की केवळ चुकीच्या रीतीने वाचला जात आहे, हे आधी ठरवावे. हे न ठरवता केलेली दुरुस्ती पुष्कळदा चांगल्या मजकुराचीही नासाडी करते.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. बाइटांचे षोडशमान (हेक्साडेसिमल) अंक आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत टंकावीत.

पहिली पायरी: बिघाडाचे रूप नीट पाहणे

मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा त्याची चार रूपे संभवतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर बहुधा केवळ फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. मजकूर शाबूत आहे आणि डेटाबेसला हात लावण्याचे काहीही कारण नाही. अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर ज्या वर्णसंचात, म्हणजे अंक नेमून दिलेल्या अक्षरांच्या यादीत, ती अक्षरे बसतच नाहीत अशा संचात मजकूर कुठेतरी रूपांतरित झाला आहे. ही प्रश्नचिन्हे साठवणीतही असतील, तर मूळ मजकूर गेला. तो मूळ स्रोतातून किंवा बॅकअपमधूनच परत आणावा लागतो. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह हे तिसरे रूप होय. ते युनिकोड या सर्व लिप्यांच्या वर्णसंचाचे यू+एफएफएफडी हे बदली चिन्ह असून, वाचणाऱ्याला अवैध बाइट मिळाले एवढेच ते सांगते. ते केवळ पडद्यावर असेल तर मूळ बाइट अजून सुरक्षित असू शकतात. पण साठवलेल्या मजकुरात ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट आढळले, तर तेथील मूळ अक्षर कायमचे पुसले गेले आहे.

चौथे रूप सर्वांत भीतीदायक दिसते आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपद्रवी असते. मराठीत लागणारे देवनागरीचे प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे वर्णाला युनिकोडने दिलेला क्रमांक, यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइट घेते आणि त्याची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशी होते. हेच बाइट विंडोज-१२५२ या जुन्या वर्णसंचाप्रमाणे वाचले, तर ई० च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ए दिसते, आणि त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह येते. अशी जोडी पानभर पसरलेली दिसली की समजावे: बहुधा बाइट बरोबर आहेत, वाचणारा चुकीच्या समजुतीने वाचत आहे. त्याची समजूत दुरुस्त करावी; मजकुराला हात लावू नये.

दुसरी पायरी: बाइट पाहणे

लिनक्स किंवा मॅकवर हेक्सडंप ही आज्ञा मोठ्या लिपीतील सीच्या पर्यायासह चालवली की डावीकडे बाइट आणि उजवीकडे वाचनीय अक्षरे दिसतात. एक्सएक्सडी हीदेखील तेच काम करते. विंडोजवर पॉवरशेलमधील फॉरमॅट-हेक्स ही आज्ञा वापरता येते. डेटाबेसमधील मजकुरासाठी मायएसक्यूएलचे हेक्स हे फंक्शन स्तंभावर लावावे, कारण डेटाबेसचे दृश्य साधन मजकूर दाखवताना स्वतःचे रूपांतर करते आणि त्यावर विसंबून निदान करणे धोक्याचे असते. ब्राउझरमध्ये आलेल्या मजकुराची तपासणी करायची असेल, तर कन्सोलमध्ये त्या मजकुराच्या प्रत्येक वर्णाचे कोडपॉइंट छापून पाहावे.

वारंवार भेटणारे बाइटसमूह मोजकेच आहेत. फाइलच्या अगदी आरंभी ईएफ बीबी बीएफ दिसले तर ती बाइट-क्रमाची खूण, म्हणजे बीओएम. सी२ ए० ही न तुटणारी मोकळी जागा, आणि सी२ एडी हा मऊ संयोगचिन्हाचा अदृश्य वर्ण. ई२ ८० ८बी ही शून्यरुंदीची मोकळी जागा. त्याच्या शेजारचे ८सी आणि ८डी हे अनुक्रमे शून्यरुंदीचे विभाजक आणि शून्यरुंदीचे संयोजक. तर ८ई आणि ८एफ या डावीकडून व उजवीकडून लिहिण्याच्या दिशेच्या खुणा होत. ओळीच्या शेवटी ०ए च्या आधी ०डी दिसला तर फाइल विंडोजच्या ओळसमाप्तीची आहे. आणि देवनागरी मजकुराच्या जागी सी३ ए० सी२ ए४ असा क्रम दिसला, तर मजकूर दोनदा एन्कोड झालेला आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुव्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. दुवा नकलून डकवल्यावर पान सापडत नाही, पण हाताने टंकल्यावर सापडते, अशी तक्रार आली तर सर्व्हरच्या नोंदवहीतील मूळ विनंती पाहावी. पत्त्याच्या शेवटी टक्केचिन्हांसह ई२, ८०, ८बी असे तीन तुकडे जोडलेले आढळले की दोषी सापडला.

बीओएम: आरंभीचे तीन बाइट

बीओएमचा उपयोग मुळात यूटीएफ-१६ मध्ये बाइटांचा क्रम सांगण्यासाठी आहे. यूटीएफ-८ मध्ये असा क्रमाचा प्रश्नच नसतो, तरीही फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगण्यासाठी काही साधने ही खूण आरंभी लिहितात. विंडोजचे नोटपॅड अनेक वर्षे तसे करीत असे; विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून त्याची मूळ निवड बीओएमविरहित यूटीएफ-८ झाली. त्यामुळे जुन्या प्रकल्पांतील फाइलींत या खुणा आजही विखुरलेल्या आढळतात.

त्यांचे परिणाम भाषेनुसार बदलतात. पीएचपी फाइलच्या आरंभी बीओएम असेल, तर ते तीन बाइट आरंभटॅगच्या बाहेर असल्यामुळे थेट ब्राउझरकडे रवाना होतात आणि त्यानंतर हेडर किंवा कुकी पाठवू गेल्यास हेडर आधीच पाठवले गेल्याची चूक मिळते. गंमत अशी की आउटपुट बफरिंग (पान पाठवण्याआधी काही काळ साठवून ठेवण्याची सोय) चालू असलेल्या सर्व्हरवर हा दोष झाकला जातो आणि बंद असलेल्या सर्व्हरवर उघडा पडतो. त्यामुळे दोष सर्व्हरचाच आहे असे वाटते. शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीआधी बीओएम आला, तर कोणत्या दुभाष्याने ती चालवायची हे सांगणारी खूण ओळखली जात नाही. पायथनमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याची मजकूरफाइल) साध्या यूटीएफ-८ ने उघडली, तर पहिल्या स्तंभाच्या नावाला तो अदृश्य वर्ण चिकटतो आणि डोळ्यांसमोर दिसणारा स्तंभ नाही असे उत्तर मिळते. अशा वेळी यूटीएफ-८-सिग या नावाचे एन्कोडिंग वापरावे. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) फाइल वाचून ती जेसन म्हणून उलगडताना बीओएम आपोआप निघत नाही आणि उलगडणी पहिल्याच स्थानी फसते, तर ब्राउझरच्या फेच या सोयीतून तोच मजकूर आला तर बीओएम गाळला जातो. जेसनच्या २०१७ मधील आरएफसी ८२५९ या मानकाने नेटवर्कवरून पाठवायच्या जेसनच्या आरंभी बीओएम जोडण्यास स्पष्ट मनाई केली आहे. वाचणाऱ्याने मात्र तो दुर्लक्षून पुढे जावे, अशी मुभा ठेवली आहे.

म्हणून स्रोतफाइली आणि जेसन यांतून बीओएम काढून टाकावा. त्यासाठी संपादकात यूटीएफ-८ हा बीओएमविरहित पर्याय निवडून फाइल पुन्हा जतन करावी, किंवा डॉसटूयुनिक्स ही आज्ञा बीओएम काढण्याच्या पर्यायासह चालवावी. एक अपवाद मात्र जपावा. एक्सेलमध्ये थेट उघडण्यासाठी तयार केलेल्या सीएसव्हीत बीओएम हवाच, कारण त्याशिवाय एक्सेल ती फाइल जुन्या स्थानिक वर्णसंचात आहे असे धरून चालते आणि देवनागरीचा चुथडा होतो. म्हणजे निर्यात करताना बीओएम लिहावा आणि आयात करताना तो असल्यास गाळावा.

मोकळ्या जागा आणि ट्रिमचे भ्रम

बहुतेक प्रोग्रामर आदान मजकुरावर ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणारे फंक्शन) चालवून निश्चिंत होतात. ही निश्चिंती अनाठायी आहे, कारण प्रत्येक भाषेत ट्रिमची मोकळ्या जागेची व्याख्या निराळी आहे. पीएचपीचे ट्रिम केवळ साधी मोकळी जागा, टॅब, ओळसमाप्तीचे दोन्ही वर्ण, उभा टॅब आणि शून्य बाइट काढते. न तुटणारी मोकळी जागा त्याला दिसत नाही. जावास्क्रिप्टचे ट्रिम न तुटणारी मोकळी जागा आणि बीओएम दोन्ही काढते, पण शून्यरुंदीची मोकळी जागा काढत नाही. पायथनचे स्ट्रिप न तुटणारी मोकळी जागा काढते, पण बीओएम आणि शून्यरुंदीची मोकळी जागा राहू देते. जावाचे जुने ट्रिम तर केवळ कोडपॉइंट ३२ पर्यंतचे वर्ण ओळखते, आणि जावा ११ मधील स्ट्रिपही न तुटणारी मोकळी जागा सोडून देते. एकाच प्रणालीत पुढची बाजू जावास्क्रिप्टमध्ये आणि मागची पीएचपीमध्ये असेल, तर एकीकडे वैध ठरलेला ईमेल पत्ता दुसरीकडे का नाकारला जातो, याचे उत्तर येथे आहे.

न तुटणारी मोकळी जागा येते ती मुख्यतः नकलून डकवलेल्या मजकुरातून. मॅकच्या कीबोर्डवर ऑप्शन कळ दाबलेली असताना स्पेसबार दाबल्यानेही ती टंकली जाते, आणि कोड लिहिणाऱ्यांच्या हातून हे नकळत घडते. यूटीएफ-८ मधील ही जागा विंडोज-१२५२ म्हणून वाचली गेली की तिच्या आधी छत्री धारण केलेले लॅटिन ए उगवते. संकेतस्थळावर आकड्यांच्या आधी किंवा वाक्यांच्या मध्ये असे एकटेदुकटे ए दिसले, तर कारण बहुधा हेच असते.

गुप्त किल्ल्या आणि टोकन यांबाबत वेगळी सावधगिरी हवी. टर्मिनलमध्ये एको वापरून किल्ली फाइलमध्ये लिहिली, तर शेवटी नवी ओळ जोडली जाते. विंडोजवर जतन केलेल्या एन्व्ह फाइलमधील (प्रणालीच्या मांडणीची मूल्ये ठेवणाऱ्या फाइलमधील) मूल्याच्या शेवटी ०डी चिकटू शकतो. दोन्ही प्रसंगी किल्ली पडद्यावर तंतोतंत दिसते आणि प्रमाणीकरण अयशस्वी होते. किल्लीची लांबी छापून पाहणे ही याची सर्वांत जलद कसोटी होय, आणि तीत किल्ली स्वतः नोंदवहीत उघडी पडत नाही.

एन्कोडिंगची साखळी: पानापासून डेटाबेसपर्यंत

ब्राउझर पानाचे एन्कोडिंग ठरवताना आधी बीओएम पाहतो, मग सर्व्हरने पाठवलेल्या कंटेंट-टाइप हेडरमधील वर्णसंच, आणि त्यानंतर पानातील मेटा टॅग. म्हणून मेटा टॅग बरोबर लिहूनही पान बिघडलेलेच दिसत असेल, तर हेडर तपासावे. तो वरचढ ठरत असतो. शिवाय मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असला पाहिजे, आणि त्याच्या आधी लांबलचक टिपणे किंवा स्क्रिप्ट घातल्यास तो त्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

डेटाबेसच्या बाजूस मायएसक्यूएलमधील यूटीएफ८ या नावाने अनेकांना फसवले आहे. तो वर्णसंच एका वर्णाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो, त्यामुळे देवनागरी त्यात बसते आणि सारे ठीक चालले आहे असे वाटते; चार बाइटांचे इमोजी आले की कडक पद्धत (स्ट्रिक्ट मोड) चालू असल्यास चूक मिळते आणि नसल्यास मजकूर त्या जागी तोडला जातो. खरा पूर्ण वर्णसंच यूटीएफ८एमबी४ हा असून, तो ५.५.३ या आवृत्तीत आला आणि ८.० पासून मूळ निवड झाला. स्तंभ, तक्ता आणि डेटाबेस यांचा वर्णसंच बदलणे पुरेसे नसते. जोडणीचाही वर्णसंच तोच घोषित करावा लागतो. पीएचपीच्या पीडीओमध्ये तो जोडणीच्या वर्णनात लिहावा आणि मायएसक्यूएलआयमध्ये सेट-चारसेट या पद्धतीने ठरवावा.

जोडणीचा वर्णसंच चुकल्याने होणारे दोन बिघाड वरून सारखे दिसतात, पण त्यांची दुरुस्ती वेगळी आहे. पहिल्यात जोडणी आणि स्तंभ दोन्ही लॅटिन१ (मायएसक्यूएलमधील विंडोज-१२५२ सारखा जुना वर्णसंच) असतात आणि प्रणाली प्रत्यक्षात यूटीएफ-८ चे बाइट पाठवते. बाइट जसेच्या तसे साठतात, तसेच परत येतात आणि वर्षानुवर्षे कोणालाही शंका येत नाही. ज्या दिवशी कोणी जोडणी दुरुस्त करतो, त्या दिवशी जुना सगळा मजकूर विद्रूप दिसू लागतो आणि दोष बिचाऱ्या दुरुस्तीच्या माथी येतो. हेक्सने पाहिल्यास येथे ई० ए४ असेच बाइट दिसतात. अशा वेळी स्तंभ आधी बायनरी प्रकारात आणि मग यूटीएफ८एमबी४ मध्ये बदलावा, म्हणजे बाइटांना धक्का न लागता केवळ त्यांचे लेबल बदलते. स्तंभ थेट बदलला, तर मायएसक्यूएल प्रामाणिकपणे रूपांतर करील आणि बिघाड कायमचा साठवून ठेवील.

दुसऱ्या प्रकारात स्तंभ यूटीएफ८एमबी४ असतो आणि जोडणी तेवढी लॅटिन१ असते. तेथे प्रत्येक बाइट वेगळे अक्षर समजून पुन्हा एन्कोड होतो आणि हेक्समध्ये सी३ ए० सी२ ए४ असा क्रम दिसतो. ही दुहेरी गाठ सोडवण्यासाठी मजकूर लॅटिन१ मध्ये रूपांतरित करून, तो बायनरी मानून, पुन्हा यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचावा लागतो. ही क्रिया ज्या ओळींत तो क्रम आढळतो त्यांवरच चालवावी, कारण दरम्यान काही ओळी नीट साठलेल्या असू शकतात. आणि बॅकअप घेतल्याखेरीज तर चालवूच नये.

हेच काम डेटाबेसबाहेर, पायथनसारख्या भाषेत, करताना देवनागरीपुरती एक अडचण येते जी इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचितच आढळते. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना अक्षरच दिलेले नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी आहे, ऱ्हस्व उकाराचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी. परिणामी काटेकोर रूपांतरक देवनागरीत पहिल्या जोडाक्षरापाशीच थांबतो, आणि चुका दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय दिला तर हलन्त गळून सगळी जोडाक्षरे सुटी होतात. मायएसक्यूएलचे लॅटिन१ या पाच बाइटांना नियंत्रणवर्णांच्या जागा देते, म्हणून ही दुरुस्ती डेटाबेसच्या आत करणे अधिक सुरक्षित ठरते; पायथनमध्येच करायची असल्यास एफटीएफवाय ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हे बाइट सांभाळते.

मजकूर मध्येच तोडण्याचा दोष थोडक्यात सांगतो. पीएचपीचे सबस्ट्र बाइट मोजते, म्हणून सारांशासाठी मजकूर कापताना अक्षराचे दोन तुकडे होतात आणि मग जेसन-एन्कोड चुपचाप असत्य हे मूल्य परत करते. पान कोरे दिसते. एमबी-सबस्ट्र वापरल्यास बाइट तुटत नाहीत, पण क्षि हे अक्षर चार कोडपॉइंटांचे असल्याने तेही मध्येच तुटू शकते. ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारे अक्षर, मोजणारे फंक्शन वापरावे.

सफाई कोणाची करावी आणि कोणाची करू नये

अदृश्य वर्णांनी एकदा त्रास दिला की एका रेग्युलर एक्सप्रेशनने (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्राने) ते सगळेच पुसून टाकावेत असा मोह होतो. युनिकोडमध्ये या वर्णांचा सीएफ नावाचा वर्गही तयार असतो, त्यामुळे हे एका ओळीत करता येते. मराठी मजकुरावर ही ओळ चालवू नये. अनेक कीबोर्ड आणि जुनी रूपांतरसाधने ‘दुसर्‍या’ या शब्दातील अर्धा र लिहिताना र, हलन्त आणि शून्यरुंदीचे संयोजक हा क्रम वापरतात. संयोजक पुसला की त्याचे ‘दुसर्या’ होते. शून्यरुंदीचा विभाजक काढला तर मुद्दाम हलन्त दाखवून लिहिलेले अक्षर जोडाक्षर बनते, आणि संयोजक काढल्यास कुटुंबाचे एक इमोजीही सुट्या माणसांत विखुरते.

म्हणून सफाईचे धोरण रकान्याच्या प्रकारावरून ठरवावे. ईमेल, वापरकर्तानाव, सवलतसंकेत, दुवे, टोकन अशा यंत्राने तुलना करायच्या मूल्यांत अदृश्य वर्णांना जागा नाही. ते आल्यास कडेचे काढावेत आणि आतले आढळल्यास मूल्य नाकारून वापरकर्त्याला कारण सांगावे. सामान्य मजकुरात शून्य बाइट काढावेत, तसेच टॅब व नवी ओळ सोडून इतर नियंत्रणवर्ण आणि भटके बीओएम काढावेत, पण संयोजक व विभाजक ठेवावेत. ते भलत्या जागी येऊ नयेत असे वाटत असेल, तर डोमेननावांसाठीच्या आरएफसी ५८९२ मधील नियम उसना घेता येतो: संयोजक हलन्तानंतरच वैध मानावा. इमोजींसाठी त्यात वेगळी सवलत द्यावी लागेल. पासवर्डमधून मात्र काहीही परस्पर गाळू नये.

शोधासाठी आणखी एक थर लागतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ या स्वतंत्र कोडपॉइंटने, र आणि नुक्ता यांच्या जोडीने, किंवा वर सांगितलेल्या संयोजकाने. एनएफसी हे युनिकोडचे सामान्यीकरण (समान अर्थाच्या रूपांना एकच रूप देणारे रूपांतर) पहिले दोन एक करते, तिसरा वेगळाच राहतो. त्याचप्रमाणे ॲ हे अक्षर यू+०९७२ या कोडपॉइंटने किंवा अ व चंद्र यांच्या जोडीने लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखी असतात, आणि एनएफसी त्यांना एक मानत नाही. तेव्हा साठवताना एनएफसी लावावे, त्यापलीकडे मूळ मजकूर तसाच ठेवावा, आणि शोधासाठी वेगळ्या स्तंभात या रूपांना एकत्र आणणारी प्रत तयार करावी. शोधशब्दालाही तेच नियम लावावेत, नाहीतर सारा खटाटोप वाया जातो.

पुन्हा शिरकाव होऊ नये म्हणून

प्रकल्पाच्या एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये वर्णसंच यूटीएफ-८ आणि ओळसमाप्ती एकच ठरवून द्यावी. गिटअॅट्रिब्यूट्समध्येही ओळसमाप्ती नोंदवावी. व्हीएस कोड संशयास्पद अदृश्य वर्णांभोवती चौकट काढते. ती सोय बंद करू नये. ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या साधनाचा नो-इरेग्युलर-व्हाइटस्पेस हा नियम चालू ठेवावा. दिशा बदलणारे वर्ण, म्हणजे यू+२०२ए ते २०२ई आणि यू+२०६६ ते २०६९, यांची स्रोतकोडातील तपासणी स्वतंत्रपणे करावी. त्यांच्या साहाय्याने वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसराच कोड दाखवता येतो, हे केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स या नावाने मांडले. स्रोतकोडात त्यांची गरज जवळजवळ कधीच नसते, त्यामुळे ते आढळताच बिल्ड थांबवणे योग्य.

शेवटी स्वयंचलित चाचण्यांत एक कसोटीचा मजकूर कायमचा ठेवावा. त्यात तिन्ही प्रकारे लिहिलेला ‘दुसऱ्या’, ए, ऐ, झ, उकार व जोडाक्षरे असलेला एखादा शब्द, एक चार बाइटांचे इमोजी आणि मध्ये एक न तुटणारी मोकळी जागा असावी. हा मजकूर फॉर्ममधून पाठवून, डेटाबेसमधून परत वाचून, एपीआयमधून आणि सीएसव्हीतून बाहेर काढून, प्रत्येक टप्प्यावर त्याचे बाइट अपेक्षित बाइटांशी ताडून पाहावेत. चाचणीत हे वर्ण थेट न टंकता त्यांच्या कोडपॉइंटांच्या संकेतांनी लिहावेत, नाहीतर एखादा संपादक फाइल जतन करताना कसोटीचा मजकूरच साफ करून टाकील आणि चाचणी निष्कारण उत्तीर्ण होत राहील.